हाराखालचा ऑइल मीटर

मित्रांनो, मी एक जुना ऑइल मीटर आहे. वाटीएवढा गोल, वर काच, आत इंजिनातल्या ऑइलचा दाब दाखवणारा एक काटा. सिन्नरजवळच्या एका मळ्यात, घरातल्या फळीवर असतो. गाडीतला मीटर घरात कसा आला, तेच सांगतो.

माझे मालक खंडेराव. ते झेंडू पिकवायचे आणि स्वतःच्या जुन्या जीपमधून नाशिकच्या फूलबाजारात न्यायचे. नुसत्या आवाजावरून त्यांना इंजिनाचं दुखणं कळायचं. पण म्हातारपणी कान गेले. म्हणून गाड्या दुरुस्त करणाऱ्या भारत मिस्तरीने मला आणलं. त्याने इंजिनाला तांब्याची बारीक नळी जोडली, पत्र्याला भोक पाडून ती गाडीच्या आत घेतली आणि मला डॅशबोर्डवर कसून बसवलं. गाडी सुरू होताच नळीतून ऑइल आलं आणि माझा काटा चाळीसवर गेला. काय ऐट होती माझी!

"काका, आता कानाचं काम डोळ्यांनी करायचं," भारत मोठ्याने म्हणाला. "काटा शून्याकडं चालला की गाडी लगेच बंद करायची, नायतर इंजिन जाईल."

पण घाटात नजर रस्त्यावरच ठेवावी लागते. मग शेजारी बसणाऱ्या त्यांच्या बायकोने, गोजराबाईंनी, ते काम अंगावर घेतलं. एकदा काटा घसरला, तशा त्या नवऱ्याच्या कानाशी ओरडल्या, "अवं, काटा पडला! गाडी उभी करा आधी!" इंजिन वाचलं. घरी आल्यावर त्यांनी पदराने माझी काच पुसली.

गेल्या श्रावणात गोजराबाई वारल्या. खंडेरावांनी त्यांचा फोटो डॅशबोर्डवर, माझ्या वरच्या बाजूला चिकटवला. रोज त्याला छोटी माळ घालायचे. दसऱ्याला मात्र टपोऱ्या फुलांचा जाडजूड हार ओवला. "तूच लावलेली झाडं हायेत गं ही," म्हणत तो फोटोला घातला. हार खाली लोंबला आणि मी पुरता झाकला गेलो.

त्याच सकाळी वाटेत इंजिनाखालचा नट ढिला झाला आणि ऑइल गळू लागलं. माझा काटा तीसवर आला, मग वीसवर, मग शून्यावर. मी फुलांआडून सांगतच होतो. इंजिन आतून ठकठक वाजू लागलं, तेही त्यांना ऐकू आलं नाही. घाट उतरल्यावर ते कायमचं जाम झालं.

निरोप मिळताच भारत धावत आला. "काका, काटा नाय दिसला का?" असं त्यांच्या कानाशी ओरडत त्याने हार बाजूला केला. खंडेराव माझ्याकडे बघत राहिले.

"मीच झाकला रे," ते म्हणाले. "तिनं एवढा सांभाळला, अन् मीच झाकला."

मला रडता येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

जीप भंगारात गेली. मला त्यांनी स्वतः पाना लावून काढलं आणि गोजराबाईंच्या फोटोशेजारी ठेवलं. मित्रांनो, आपल्या माणसाच्या फोटोला हार जरूर घाला, पण वेळेवर सावध करणाऱ्याला झाकू नका. खंडेराव आता माझ्यावर पडलेली एक पाकळीसुद्धा उचलतात, काच पुसतात आणि फोटोला म्हणतात, "काटा बघ गं." माझा काटा शून्यावरच असतो.