लाल ठिपक्याची काच

"दाजी, डोळे आहेत की बटणं? हिच्यावर चौदा लिहिलंय, चौदा!"

"उगाच बोंबलू नकोस. अकराची आहे ती, ठेव ड्रॉवरमध्ये. चौदाच्या काचेला मी स्वतः लाल ठिपका लावलाय."

"मग घ्या, तुम्हीच वाचा की!"

मेहुण्याने वेल्डिंगची काळी काच मिस्त्रीच्या नाकाला टेकवली. त्याला नुसतं ग्रहण बघायचं होतं. मिस्त्रीने काच लांब धरली, जवळ आणली, उजेडाकडे फिरवली. कोपऱ्यात कोरलेला आकडा म्हणजे त्याच्या लेखी एक ओरखडा. गेली दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

"हं," तो म्हणाला. पण काच खाली ठेवता ठेवता त्याने बाहेरच्या उन्हाकडे बघितलं.

कारण ठिपक्याची काच आज सकाळीच त्याने पोरीला दिली होती. पोर आठवीतली. वर ऐटीत सांगितलं होतं, "अकराने वेल्डिंग करायचं, सूर्याला त्याहून काळी, चौदाच लागते. ही घे, बिनधास्त बघ."

"ग्रहण सुरू होऊन किती वेळ झाला?"

"झाला असेल तासभर. का हो?"

मिस्त्री धावत सुटला. चामड्याचा एप्रन अंगात तसाच, शिकंज्यात आवळलेलं, अर्धवट जोडलेलं गेट तसंच. रस्त्यावरचा उजेड व्होल्टेज उतरल्यासारखा झाला होता. ऊन होतं, पण आजारी. "मिस्त्री, कुठं आग लागली?" न्हावी दारातून ओरडला. मिस्त्रीने मान वळवली नाही.

डोळा जळताना दुखत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वेल्डिंगची झळ दुपारी बसते. माणूस जेवतो, हसतो, आणि रात्री डोळ्यांत मूठभर वाळू कोंबल्यासारखं होतं. सूर्य तर त्याहून लबाड. वाळूसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्याचे कान दिसतात, केस दिसतात, मधला चेहराच गायब. पोरगी आता हसत सांगेल, काही झालं नाही. त्यावर विश्वास ठेवायचा कसा?

आकडा कुणाकडून वाचून घ्यायला काय धाड भरली होती? पण विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, वेल्डरचे डोळे गेले. मग गेटचं काम कोण देणार? तो आता आवाजावर वेल्डिंगचा टाका मारायचा. टाका नीट बसत असला की तळणीसारखा एकसारखा चरचर आवाज येतो, चुकला की फटफटतो. गिऱ्हाईकं म्हणायची, मिस्त्री बघतसुद्धा नाही, काय हात आहे! तो हसून घ्यायचा.

घराचे तीन जिने. तिसऱ्यावर गुडघा आपटला. गच्चीचं दार त्याने खांद्यानेच ढकललं.

पोर सूर्याकडे पाठ करून उभी होती. हातात आईची पिठाची चाळणी. काच पाण्याच्या टाकीवर पालथी पडली होती.

"बघितलंस? त्या काचेतून बघितलंस?"

"केवढ्याने ओरडताय बाबा! एकदाच बघितलं. इतकं लख्ख दिसलं की लगेच मान फिरवली. मग नंबर वाचला. अकरा आहे ती."

"किती वेळ बघितलंस?"

"एक सेकंद. फार तर दोन."

"डावा डोळा झाक. तो अँटेना बघ. मधली काडी दिसते?"

"दिसते."

"सरळ आहे की वाकडी? मधेच तुटल्यासारखी?"

"सरळ आहे हो!"

"आता दुसरा झाक." त्याने तेच विचारलं. तिने तेच सांगितलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून विचारलं.

"बाबा, काहीही दुखत नाहीये."

"त्याचीच तर भीती आहे. उद्या उठल्या उठल्या परत बघू. आणि डॉक्टरकडे जायचं, नाटकं नकोत."

त्याचा चेहरा बघून ती जरा नरमली. "बरं, तुम्ही इकडे या. बाईंनी शिकवलंय, असं बघितलं की डोळ्यांना काही होत नाही." तिने चाळणी उन्हात धरली. "खाली बघा. प्रत्येक भोकातून एक सूर्य पडलाय. कुठल्या बाजूने खाल्लाय सांगा."

मिस्त्री उकिडवा बसला. फरशीवर त्याला उजेडाची पेज सांडलेली दिसली.

"उजवीकडून," त्याने ठोकून दिलं.

चाळणी किंचित हलली.

"डावीकडून खाल्लाय, बाबा."

खाली कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मिस्त्री नखाने एप्रनवरचा डाग खरवडत राहिला.

"ठिपका तुम्हीच लावलात ना? नंबर वाचून?"

ती त्याच्याशेजारी बसली, त्याचा हात ओढला आणि चाळणीखाली उताणा धरला. तळव्यावर जुन्या ठिणग्यांचे डाग होते, त्यांच्यावर उजेड पडला. तिने नखाने त्याच्या कातडीवर एक बारीकशी कोर ओढली. हळू, वरून खाली.

"अशी दिसतेय. कळली?"

"कळली."

"उद्या डॉक्टरकडे दोघांनी जायचं. दोघांनी डोळे दाखवायचे."

मिस्त्रीने मूठ मिटली. कठडा धरून उठला.

"सोड आता, मला निघायचंय. गेट शिकंज्यातच राहिलंय."