तेल घातलेला कॅमेरा

चिमणीच्या मामाचा शिलाई मशीन दुरुस्तीचा धंदा होता, आणि जगातली प्रत्येक बिघडलेली वस्तू मुळात शिलाई मशीनच असते, असा त्याचा ठाम समज होता. त्यामुळे जुन्या बाजारातून झटपट फोटो देणारा कॅमेरा आणल्यावर त्याला कुणाला काही विचारायची गरज भासली नाही. सोबत आलेलं माहितीपत्रक त्याने टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं आणि प्रयोगांना हात घातला.

पहिलाच प्रयोग फार रंगला. फिल्मचं नवं पाकीट घातलं की कॅमेरा आधी एक काळा पुठ्ठा बाहेर टाकतो. फिल्मला उजेड लागू नये म्हणून तो वर ठेवलेला असतो. मामा तो पुठ्ठा हातात धरून त्यावर चित्र उमटायची वाट बघत बसला. समोरचा चहा गार झाला, तरी पुठ्ठा काळाच.

"कशाचा फोटो काढला होतास?" चिमणीने विचारलं.

"अजून काढलाच नाही," मामा गंभीरपणे म्हणाला.

चिमणी परिचारिका होती. तिचं हे नाव फक्त घरात चाले. दवाखान्यात रुग्ण तिला वचकून असत. आता तिला परदेशातल्या रुग्णालयात नोकरी लागली होती आणि उद्या निघायचं होतं. नेण्यासारखं सगळं बॅगेत भरून झालं होतं. राहिला होता तो आईचा फोटो.

आजारपणात आईचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, तेव्हापासून ती फोटोला बसत नसे. कुणी फोटोसाठी फोन उचलला की तिला नेमकं स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास येई. फोनमधला फोटो संध्याकाळपर्यंत साऱ्या नातेवाइकांत फिरतो आणि मग सगळे हळहळतात, याचा तिला तिटकारा होता. मामाच्या कॅमेऱ्याबद्दल मात्र तिने चौकशी केली.

"एकच निघतो ना? आणखी कुठे जात नाही?"

"एकच गं, ताई."

"मग काढ. पण नाही आवडला तर मी फाडणार. त्यावर कुणी तोंड वाकडं करायचं नाही. ते काम माझ्याकडे आहे."

एवढ्या मोठ्या होकाराच्या सन्मानार्थ मामाने कसून सराव केला. किटली टिपली, खिडकी टिपली, स्वतःचा अंगठा तर दोनदा टिपला. पाकिटात एकच फिल्म उरली, तेव्हा कुठे त्याचा हात बसला.

आईने केस विंचरले, खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि सवयीने चांगला गाल पुढे केला.

"सरळ बघ ना, आई," चिमणी म्हणाली. आईने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि मान सरळ केली.

खटका दाबला. फोटो अलगद, आवाज न करता बाहेर सरकला.

"बघितलंस? कुरकुर गेली," मामा खुशीत म्हणाला. "आतल्या रुळांना सकाळीच मशीनचं तेल घातलं. सढळ हाताने."

चिमणीने डोळे मिटले. तेच रूळ फोटोच्या कडेला भरलेलं रसायन दाबून सगळीकडे सारखं पसरवतात, हे टेबलाच्या पायाला ठाऊक होतं, मामाला नव्हतं.

फोटो हळूहळू उजळला. आईचा चांगला गाल, तो डोळा, ती भुवई, सगळं पांढऱ्या डागात गडप झालं होतं. उरली होती ती ओढलेली बाजू. ती मात्र स्वच्छ आली होती, ओठाच्या कडेच्या सुरकुतीसकट.

"कलात्मक आलाय," मामा म्हणाला.

"तू गप्प बस," चिमणी म्हणाली.

आईने फोटो घेतला. ही बाजू ती आरशात ओझरतीच बघत असे. आता तिने तो उजेडात धरून नीट पाहिला. डोळा हसत होता. ओठ त्याच्यामागून जायची आपल्या परीने खटपट करत होता. चिमणीची नजर आईच्या बोटांवर खिळली होती.

"फाडतेस?" तिने शेवटी विचारलं.

"काय फाडू?" आई म्हणाली. "अर्धी तर तुझ्या मामाने आधीच फाडलीय. उरलीय तेवढी तू घेऊन जा."