यादव काकांच्या खिडकीपर्यंत केबल

गुरुवारी सकाळी आमच्या कॉम्प्युटरवरच्या वायफायच्या काड्या तीनवरून एकीवर आल्या. तेव्हा यादव काका त्यांच्या घरात जमिनीवर पडलेले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे आम्हाला शनिवारी कळलं. मधल्या वेळात आम्ही केबल वाढवत होतो.

आमचं घर पंचवटीत, अशा गल्लीत की आत शिरलेली रिक्षा मागे मागे जाऊनच बाहेर पडते. दोन्ही बाजूंना घरं चिकटलेली, मागे एक बोळ, आणि बोळापलीकडे यादव काकांची खिडकी. मोबाइलची रेंज घरात फक्त मोरीत येते. त्यामुळे आमच्या घराण्यातली सगळी लग्नं आणि सगळी मरणं नळाखाली उभं राहून ठरली किंवा कळली आहेत.

काकांना मूलबाळ नव्हतं. कुसाकाकू गेल्यावर ते एकटेच राहायचे. पुतण्या धनराज चांदवडला कांद्याच्या व्यापारात, तो दिवाळीला यायचा. माझी मोठी बहीण चैतालीताई बी.कॉम.ला होती तेव्हा काकांनी तिला आपल्या वायफायचा पासवर्ड दिला होता. काकूंचं नाव, पुढे एक दोन तीन. आमचा कॉम्प्युटर इतका जुना की त्याला वायफाय नावाची गोष्टच माहीत नाही. म्हणून त्याला मागून अंगठ्याएवढं यूएसबीचं यंत्र लावलं होतं, ते काकांच्या घरातलं नेट पकडायचं.

मग अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, काकांच्या खिडकीखाली स्कूटर लावायला सुरुवात केली. काका म्हणाले, धूर घरात येतो, दोन हात मागे घ्या. अण्णा म्हणाले, खिडकी लावा. यावर तीन वर्षांचा अबोला झाला.

अबोला धरला की बोलणं बंद होतं, सांगणं बंद होत नाही. काकांनी कुठून तरी वायफायचं नाव बदलायला शिकून घेतलं. एका सकाळी ताईला नेट सापडेना, यादीत नवीनच नाव होतं: ‘गाडी मागे घ्या’. अण्णांनी माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करायला लावला आणि त्याला नाव दिलं: ‘जागा कोणाच्या बापाची नाही’. संध्याकाळी पलीकडून उत्तर आलं: ‘बाप काढू नये’. असं बरेच दिवस चाललं. प्रत्येक वेळी नाव बदललं की आम्हाला पुन्हा जोडून घ्यावं लागायचं, म्हणजे काकांचा निरोप वाचल्याशिवाय नेट मिळत नसे. पासवर्ड मात्र त्यांनी कधी बदलला नाही. अण्णांनी ही गोष्ट कधी लक्षात घेतली नाही. शेवटचं नाव होतं ‘गाडी अजून तिथेच’.

आता ताईचं. ताई पावसाळ्यात घोटीहून, सासरहून परत आली ती एका बॅगेनिशी, आणि डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. कानाचं विचारलं तर म्हणाली, पडले. त्यांच्या घरी माणसं फार पडतात. दाजी, महेशराव, भाताच्या गिरणीचे मालक. त्यांच्याकडच्या मोठ्या मंडळींनी रविवारी आमच्याकडे बैठक ठरवली होती, मुलीला नांदायला पाठवायचं ठरवण्यासाठी. ठरवण्यासाठी म्हणजे, गाडी ते सोबतच आणणार होते. अण्णांचं म्हणणं होतं, पोरीच्या हाताला काम असेल तर माझं तोंड उघडेल. नसेल तर ते विचारतील, जन्मभर पोसणार का, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

काम मिळण्यासारखं होतं. एका विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी घरी बसून ऐकायच्या. शनिवारी सकाळी मुलाखत होती, तीही घरूनच, घरच्या कॉम्प्युटरवरून, कारण घरी नेट कसं चालतं हीच अर्धी परीक्षा होती. आणि गुरुवारी काडी एक.

मी एम.जी. रोडला बंटीच्या दुकानात गेलो. बंटी म्हणाला, यंत्राला केबल लाव आणि ते सिग्नलकडे नेऊन ठेव, नेट आपल्या घरी यायची वाट कशाला बघतो. एक केबल घेतली. यंत्र टेबलावरून खिडकीत आलं. काडी एकच. शुक्रवारी दुसरी केबल पहिलीला जोडली आणि यंत्र कपडे वाळत घालायच्या काठीला बांधून खिडकीबाहेर बोळात काढलं. काडी एक, कधीकधी दीड. मग मी नेटवर, म्हणजे मोरीत उभं राहून फोनवर, वाचलं की मागे जाळीचं भांडं लावलं तर लाटा एका जागी गोळा होतात. आईची पुरणाची चाळण काढली. आई म्हणाली, होळीला यातून पुरण निघायचं आहे. मी म्हणालो, आधी ताई निघू दे.

शुक्रवारी दुपारी चाळण लावली आणि काड्या तीन झाल्या.

आम्ही सगळे कॉम्प्युटरभोवती उभे राहिलो. अण्णांनी चाळणीचं कौतुक केलं, ते माणसांचंही करत नाहीत. ताईने सरावाला एक व्हिडिओ पाहिला, मध्ये न अडकता. मग पुन्हा काडी एक झाली. मी चाळण वर केली, खाली केली, पुसली. काही नाही.

काकांच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता, तो गुरुवारपासून येत होता. आई म्हणाली, रात्रीसुद्धा बंद होत नाही हो. अण्णा म्हणाले, बिल त्यांना येतं.

शनिवारी सकाळी काडी एकच होती. ताई इस्त्रीची साडी नेसून खुर्चीवर बसली. उजव्या कानावर हेडफोन, मागे भिंत आणि कॅलेंडर. आईला सांगितलं होतं की काही झालं तरी कॅमेऱ्यात यायचं नाही. तिसरी केबल माझ्या हातात होती. आता एकच जागा उरली होती, ती बोळाच्या पलीकडे. मी अण्णांकडे पाहिलं. तीन वर्षं आमच्या घरातलं कोणी त्या भिंतीला हात लावला नव्हता.

“स्कूटरवर चढ,” अण्णा म्हणाले. “आणि काही विचारलं तर बोलू नकोस.”

मी स्कूटरच्या सीटवर उभा राहिलो आणि काकांच्या खिडकीच्या गजाला चाळण टांगली, यंत्रासकट. ज्या स्कूटरवरून भांडण झालं तिच्यावर उभं राहून त्यांचंच नेट पळवत होतो. आतून ताईचा आवाज आला, काड्या दोन झाल्या, मुलाखत सुरू झाली. कंपनीच्या बाई नाव विचारत होत्या, शिक्षण विचारत होत्या. ताई बरी बोलत होती. मग बाईंनी विचारलं, मागे टीव्ही का चालू आहे. ताई म्हणाली, शेजारी आहे. बाई म्हणाल्या, कामाच्या वेळी असं चालणार नाही.

यंत्र काकांच्या खिडकीला, टीव्हीसुद्धा तिथलाच, आणि त्याचा आवाज बोळ ओलांडून ताईच्या खुर्चीपर्यंत येत होता. अण्णांनी खालून मला खूण केली, काहीतरी कर. काकांना हाक मारणं अबोल्यात बसत नव्हतं. खिडकीची झडप ओढून घेणं बसत होतं, कारण ‘खिडकी लावा’ ही आमची जुनीच मागणी होती. झडप धरायला मी गजातून हात घातला तर पडदा बाजूला झाला.

पाय दिसला. एका पायात स्लिपर होती.

“काका,” मी म्हणालो.

अंगठा हलला.

मी पुढे जे ओरडलो ते विमा कंपनीच्या बाईंनीही ऐकलं. अण्णा पळत फिरून पुढच्या दाराशी गेले. दार आतून बंद होतं. त्यांनी खांदा लावला आणि कडी निघून आली, तीन वर्षं ज्या दारात ते गेले नव्हते त्याला तीन धक्केही लागले नाहीत.

काका टेबलासकट पडले होते. टेबलावरचा वायफायचा डबा त्यांच्या छातीखाली होता आणि त्याचे दिवे लुकलुकत होते. माणसाच्या अंगात बहुतेक पाणीच असतं, आणि वायफायला पाण्यातून जाणं जमत नाही. गुरुवारपासून आमच्या आणि सिग्नलच्या मध्ये भिंत नव्हती, काका होते. फरशीवर ओढल्याची एक खूण होती, हातभर. कधी तरी ते तेवढे सरकले होते आणि मग पुन्हा त्याच जागी आले होते. शुक्रवारी दुपारी, चाळणीचं कौतुक चाललं होतं तेव्हा.

आम्ही त्यांना उचललं आणि तिकडे आमच्या घरात काड्या पाचच्या पाच झाल्या.

हे आईने नंतर सांगितलं. बाईंचा चेहरा एकदम स्वच्छ झाला, त्यांच्या कपाळावरची टिकलीसुद्धा दिसायला लागली. त्या खूश होऊन म्हणाल्या, आता उत्तम आहे, चला, पुढचा प्रश्न. ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि बोळात आली, तशीच, इस्त्रीच्या साडीत. आमच्या घरातून जगाला गेलेलं सगळ्यात सुंदर चित्र त्यानंतरचं आहे: एक रिकामी खुर्ची आणि मागे कॅलेंडर. बाई खुर्चीला विचारत राहिल्या, ऐकू येतंय का. आई दाराआड उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं, पण कॅमेऱ्यात यायचं नाही म्हणून सांगितलेलं होतं.

रिक्षात काकांचं डोकं ताईच्या मांडीवर होतं. अण्णा त्यांचे पाय धरून बसले होते, मी ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर. ताई कापसाच्या बोळ्याने त्यांच्या ओठांवर पाणी सोडत होती. काकांनी डोळे उघडले आणि अण्णांकडे बघितलं. मला वाटलं आता गाडीचा विषय निघणार.

“निवृत्ती,” काका म्हणाले. “चाळणीची सावली पडद्यावर दिसत होती. पुढे पुढे यायची.” मग थांबले. “म्हटलं, येताहेत.”

अण्णांनी पायातली उरलेली ती एक स्लिपर काढून घेतली आणि दवाखान्यापर्यंत हातात धरून ठेवली. आता अबोला मोडला होता.

काका त्याच रात्री गेले. धनराज चांदवडहून पहाटे आला. कंपनीचा मेल त्याच्याआधी आला होता: उमेदवार मुलाखतीच्या जागी आढळला नाही.

रविवारी सकाळी अंत्यविधी झाला. अग्नी धनराजने दिला. आम्ही घाटावरून परत निघालो तेव्हा अण्णा मागे राहिले होते. मी शोधायला गेलो तर ते न्हाव्यासमोर बसलेले. डोकं झालं होतं, मिशी चालली होती. ती मिशी मी जन्मल्यापासून पाहत होतो. मला वाटलं, धक्क्याने त्यांना काही कळेनासं झालं. धनराजलाही तसंच वाटलं असावं, पण त्याने विचारलं नाही. एकट्याने सगळं करण्यापेक्षा त्याला ते बरं वाटलं असेल.

घरी येऊन अण्णा मोरीत गेले आणि घोटीला फोन लावला. म्हणाले, आज बैठक होणार नाही. आम्हाला सुतक आहे.

पलीकडून विचारणा झाली. अण्णा एकुलते एक आहेत हे घोटीकरांना पक्कं माहीत होतं. लग्नात मानाचे टॉवेल-टोपी त्यांनी माणसं मोजून वाटले होते.

“माझा भाऊ गेला,” अण्णा म्हणाले. “तुम्हाला माहीत नसलेला.”

मग महेशरावांच्या वडिलांनी विचारलं असावं की ठीक आहे, मग तेराव्यानंतर कधी येऊ. नळ ठिबकत होता. अण्णांनी हात टकलावरून फिरवला.

“सख्खा होता,” ते म्हणाले. “वर्षश्राद्ध होईपर्यंत आमच्या घरातून लेक सासरी पाठवत नाहीत.”

घोटीकरांनी दुसऱ्या दिवशी एक माणूस पाठवला, खरंखोटं बघायला. त्याने अण्णांचं डोकं बघितलं, चहा घेतला नाही, कारण सुतकाच्या घरचा चालत नाही, आणि गेला. सगळी गल्ली त्याला हेच सांगणार होती की हो, डोकं केलंय. का केलंय, हे गल्लीलाही नक्की माहीत नव्हतं.

अशा रीतीने ताईला एक वर्ष मिळालं. तेवढ्यात काही होईल किंवा होणार नाही. कान परत येणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

धनराजने काकांच्या घराला नवी कडी बसवून कुलूप लावलं, वायफायचा डबा बंद करायला विसरला. तेरावं होईपर्यंत ताई दिवसभर त्याच्यावर अर्ज पाठवत बसायची. काड्या पाच असायच्या. अण्णांनी स्कूटर दोन हात मागे घेतली आहे. मोजून घेतली नाही, पण जास्तच आहे, आता ती आमच्याच खिडकीखाली येते आणि धूर आमच्याच घरात येतो. आई खिडकी लावत नाही.

पुरणाची चाळण गजाला तशीच आहे. काढायला स्कूटरवर चढावं लागेल, आणि स्कूटर आता तिथे नाही.

परवा रिचार्ज संपला. पाचही काड्या दिसतात, नेट येत नाही. अण्णा रोज रात्री कॉम्प्युटरपाशी येतात आणि विचारतात, नाव काय दाखवतंय. ताई वाचून दाखवते, ‘गाडी अजून तिथेच’. अण्णा मान हलवतात आणि खिडकीत जाऊन एकदा बघून येतात.