चॅम्पियनचं केळवण

आधी ते पाय खाली घ्या. बसायला तिकडं ढीगभर खुर्च्या मांडल्यात, तरी माणूस येतो आणि माझ्याच फळीवर बूड टेकतो. काय म्हणावं या सवयीला. घेतले? आता बोलतो.

मी शिरूरचा वजनकाटा. तीनशे किलोचा. खाली बिडाची फळी, वर पितळी दांडी आणि दांडीवर मागं-पुढं सरकवायचं वजन. आज मला न्हावऱ्याच्या एका मंगल कार्यालयात आणून उभं केलंय, जिथं एरवी नवरा-नवरी बसतात त्या स्टेजच्या पुढ्यात. उद्या संध्याकाळी सहाला त्याच स्टेजवर दोऱ्या बांधून घोड-भीमा चॅम्पियनच्या कमरपट्ट्यासाठी बॉक्सिंगची लढत आहे. चॅम्पियन आमचा सम्राट, कवठे येमाईचा. पट्टा दोन वर्षं त्याच्याकडं आहे. त्याला आव्हान दिलंय दौंडच्या शाहरुखनं. गट साठ किलोचा. आदल्या दिवशी दोघांचं वजन करायचं आणि चॅम्पियन साठाच्या वर भरला, तर एकही ठोसा न खाता त्याचा पट्टा गेला. हा नियम शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांत शेंबड्या पोरालाही पाठ होता. तरी या लोकांनी जे करायचं ते केलंच.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझं डोकं का फिरलंय ते कळेल.

मी पुण्याच्या एका ओतशाळेत जन्मलो आणि ट्रकमधून थेट शिरूरच्या बाजारात आलो. तिथं कांदा, ज्वारी, बाजरी, मूग, जे येईल ते माझ्या छाताडावर. मला सांभाळायला साहेबराव तोलार होते. रोज सकाळी ते फळी फडक्यानं पुसायचे, रिकामी दांडी सरळ उभी राहते का ते वाकून बघायचे आणि मगच पहिलं पोतं चढवू द्यायचे. शेतकरी म्हणायचा, काटा कमी दाखवतोय. व्यापारी म्हणायचा, जास्त दाखवतोय. दोघांच्या शिव्या मला. पण साहेबरावांनी तीस वर्षांत कुणाच्याही सांगण्यावरून माझ्या पेचाला बोट लावलं नाही. दांडीच्या टोकाला एक पेच असतो, तो फिरवला की माझा शून्यच हलतो. अंगात ताप असावा आणि थर्मामीटर झटकून ठेवावा, त्यातला प्रकार.

पुढं लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि मला गोदामात ढकललं. पाच वर्षं माझ्यावर रिकामी बारदानं पडून होती. साहेबराव निवृत्त झाले, त्यांचे साहेबरावआबा झाले आणि एक दिवस येऊन त्यांनी मला भंगारवाल्याच्या टेम्पोतून उतरवून घेतलं. त्यांचा नातू सम्राट शिरूरमध्ये सुभान वस्तादांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकत होता. सुभान वस्ताद फौजेत बॉक्सिंग शिकून आलेले, बोलायला कमी आणि ओरडायला जास्त. त्यांना वजनासाठी काहीतरी हवं होतं. असा मी पोत्यांवरून माणसांवर आलो.

पोती बरी होती हो. पोतं गप उभं राहतं. माणूस आधी बूट काढतो, मग मोजे, मग खिशातला मोबाईल, मग किल्ल्या, मग श्वास धरून पोट आत ओढतो. पोट आत घेतल्यानं वजन कमी होतं हे यांना कोण शिकवतं, देव जाणे. एकजण तर एक पाय अलगद जमिनीला टेकवून उभा राहायचा आणि वर मलाच म्हणायचा, “काटा गंडलाय.”

सम्राटचं तसं नव्हतं. तो यायचा, सरळ उभा राहायचा, आबा आकडा सांगायचे, तो मान डोलवून दोरीवर उड्या मारायला जायचा. पोरगा लोखंडासारखा. फक्त एक खोड. रिंगमध्ये कुणापुढं मागं हटायचा नाही आणि ताट पुढं आलं की कुठल्याही बाईमाणसाला नाही म्हणायचा नाही.

लढतीला वीस दिवस होते तेव्हा त्याच्या कासुर्डीच्या सिंधूआत्याच्या डोक्यात आलं की लग्नाआधी नवऱ्या मुलाचं केळवण करतात, मग पोरगं एवढ्या मोठ्या लढतीला उभं राहतंय तर त्याचं का नको? झालं. फेटा, शाल, पाटाभोवती रांगोळी आणि वर ताटात पुरणपोळ्या. तूप किती ओतलं होतं ते मी दुसऱ्या दिवशी दांडीवर बघितलं. आत्यानं फोटो ग्रुपवर टाकला. त्याच दुपारी इनामगावच्या मावशीचा फोन आला, “कासुर्डीला जातो आन् आमच्याकडं यायला तुला जड व्हतं व्हय?”

मग रांगच लागली. इनामगावला मटण, कवठ्याला मासवडी, शिरूरला मित्राच्या घरी शिरखुर्मा, तरुण मंडळाकडून श्रीखंड. एका गल्लीत तर ‘चॅम्पियनचे केळवण’ असा फ्लेक्स लागला आणि त्यावर सम्राटच्या फोटोपेक्षा स्वयंपाक करणाऱ्यांचेच फोटो मोठे. कुणी विचारलं नाही की बाबा, तुला काय खायचंय, किती खायचंय. “आमच्या घरचं एवढंसं,” म्हणत वाढायचे. एवढंसं! ते एवढंसं सगळं शेवटी माझ्यावर येऊन उभं राहत होतं ना.

साठ किलो सातशे. एकसष्ट दोनशे. एकसष्ट नऊशे. रोज दांडी वर जायची आणि रोज आबांचा आवाज खाली यायचा. सम्राट दुपारच्या उन्हात घोड नदीच्या पुलापर्यंत पळून यायचा, आणि रात्रीचं आवतण आधीच ठरलेलं असायचं. बासष्ट किलो तीनशे भरला त्या दिवशी तो माझ्यावरून उतरलाच नाही. तसाच उभा राहून म्हणाला, “आबा, ह्यावेळी काय खरं न्हाई. हात उचलावा वाटंना.”

दुसऱ्या सकाळी शेडमध्ये फक्त आबा होते. त्यांनी फडक्यानं फळी पुसली, दांडी पुसली, मग दाराकडं बघितलं आणि पेच फिरवला. पोराचं मन खचू नये म्हणून. तसं ते पुटपुटलेही, “आठ दिसांत उतरवंल त्यो. तवर धीर तरी ऱ्हाईल.” मला इतका राग आला की सांगता येत नाही. आणि पेच फिरवून झाल्यावर त्यांनी माझी फळी पुन्हा एकदा पुसली, म्हणून राग नीट धरताही येईना. ज्या माणसानं मला आयुष्यभर खरं बोलायला लावलं, त्यानंच मला खोटं बोलायला लावलं.

सम्राट आला, चढला. आबा म्हणाले, “एकोणसाठ आठशे.”

पोराचा चेहरा असा उजळला! एका दिवसात अडीच किलो कसे उतरले, हे एकानंही विचारलं नाही. मनासारखा आकडा आला की माणसं काट्याला काही विचारत नाहीत. सुभान वस्तादांनी दोनदा त्याला आपादमस्तक बघितलं. “डोळ्याला भरतोय जरा,” म्हणाले, पण दांडी बघून गप बसले. रिकामी दांडी खाली झुकलेली दिसत होती, तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. आणि आठ दिवसांत काय उतरणार होतं? वजन बसतंय म्हटल्यावर केळवणं दुप्पट जोरात सुरू झाली. पळून यायचं तेवढं पुन्हा खायचं, काटा तिथल्या तिथं.

मग दोन्ही बाजूंचं भांडण लागलं, वजन कुठल्या काट्यावर करायचं. शिरूरवाले म्हणाले, दौंडचा इलेक्ट्रॉनिक काटा रिमोटवर चालतो. दौंडवाले म्हणाले, शिरूरचा चालतो. बाजारात असले किस्से दोघांनीही ऐकलेले. शेवटी स्पर्धेच्या नियम अधिकारी प्रतिभा मॅडम वैतागल्या आणि म्हणाल्या, “ज्याला वायरच नाही असा जुना दांडीचा काटा आणा. सरकारी शिक्का मारून घेऊ.” असा काटा दोन्ही तालुक्यांत मी एकटाच उरलेलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबा सोडून.

आज सकाळी नऊला वजनमाप खात्याचे साहेब आले. त्यांनी पितळी प्रमाण वजनं मांडली, दांडी बघितली, चुकचुकले आणि पेच जिथं असायला हवा तिथं आणून शिसाचा शिक्का ठोकला. मला इतकं हलकं वाटलं. आबा भिंतीला टेकून उभे होते. हातातल्या फडक्याची घडी घालायचे आणि मोडायचे.

आधी शाहरुख चढला. एकोणसाठ सातशे. गालफडं बसलेली, मानेच्या शिरा दिसतात. वीस दिवस उकडलेले मूग आणि ताक. त्यालाही आवतणं आली होती, पण तो कुणाच्या घरी गेला नाही आणि निम्मे नातलग त्याच्याशी बोलत नाहीत. त्याची आई फरीदा सगळ्यांना तेच सांगत होती, “हेच्यापायी माझी सख्खी बहीन रुसून बसलीया.”

मग सम्राट चढला. फेटा बांधूनच आला होता, तो मॅडमनी उतरवायला लावला. बासष्ट किलो तीनशे.

सगळा हॉल एका सुरात काय म्हणाला, ओळखा. “काटा खराब हाय.”

नियमानं दोन तास मिळतात. सुभान वस्तादांनी त्याला दोन स्वेटर आणि रेनकोट घालून कार्यालयाच्या आवारात पळवलं. वस्तादांचा आवाज बसला तरी ते ओरडत होते. कुणी म्हणालं, डोक्याचे केस काढा. ज्यांनी वीस दिवस वाढलं, तेच आता सावलीत उभे राहून “अजून पळ, अजून पळ” म्हणत होते. दोन तासांनी तो परत आला तेव्हा त्याला फळीवर चढतानाही धरावं लागलं. साठ किलो सहाशे.

मॅडमनी कागद पुढं केला. त्यात एक रकाना असतो, ‘काट्याबद्दल हरकत आहे काय?’ तेवढ्यात शिरूरच्या एकानं हात वर केला. त्यानं सकाळी साहेबांना पेच फिरवताना बघितलं होतं. झालं, गलका. चॅम्पियननं हरकत लिहून दिली तर आजचं वजन रद्द, नवी तारीख पंधरा दिवसांनी. “लिही, सम्राट, लिही. काटा संशयास्पद, एवढंच लिही. पट्टा तुझ्याकडंच ऱ्हातोय.”

सम्राटनं पेन हातात घेतलं. एका शब्दात पट्टा राहत होता.

आबा भिंतीपासून सुटून पुढं आले. “पेच मी फिरवला व्हता,” ते म्हणाले. “आठ दिसामागं. साहेबांनी आज सरळ केला. काटा आत्ताच खरा हाय.”

सम्राट पेन धरूनच आबांकडं वळला. “आबा, मला तवाच खरं सांगितलं आस्तं तर मी एका बी घरी गेलो नस्तो.”

“गेला आस्तास,” आबा म्हणाले. “तुला न्हाई म्हनता येत न्हाई. पर मी खोटं बोलाया नको व्हतं.”

सम्राटनं खाली मान घालून रकान्यात लिहिलं आणि कागद मॅडमकडं दिला. “हरकत न्हाई, मॅडम. काटा बरोबर हाय. मीच जास्त भरलोय.” मग पिशवीतून पट्टा काढून त्यानं टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत माझ्यावर कांदा चढला, ज्वारी चढली, पुढारी चढले. असं बोलणारा हा पहिला.

लढत रद्द झालेली नाही. उद्या शाहरुख जिंकला तर पट्टा त्याचा. सम्राट जिंकला तर पट्टा कुणालाच नाही, रिकामाच राहणार, पण तो लढणार आहे. “पट्ट्याबिगर बी हात हायेत की मला,” एवढंच म्हणाला. आबा बाहेर पायरीवर बसलेत आणि सुभान वस्ताद त्यांच्या शेजारी बसलेत.

वजन झालं की बॉक्सर जेवतात, दुसऱ्या दिवसासाठी अंगात ताकद यावी म्हणून. फरीदानं चार कप्प्यांचा डबा उघडला, बिर्याणी, दालचा, सगळं. शाहरुखनं पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. मग त्यानं दुसरं ताट भरलं, उठून सम्राटसमोर नेऊन ठेवलं आणि म्हणाला, “खा. उद्या मला अर्धा सम्राट नको.”

फरीदाही म्हणाली, “खा रे लेकरा. आता कोन वजन करतंय?”

सम्राटनं ताटाकडं बघितलं आणि हात जोडले. “नको, मावशी.”

ऐकलंत? वीस दिवस ज्या दोन अक्षरांची मी वाट बघत होतो, ती आज निघाली. अरे शहाण्या, आज खायचं होतं! दोन तास पळून अंगातलं पाणी संपलंय, उद्या सहाला समोर तो उभा राहणार आहे, आणि हा इथं उपाशी बसलाय, शिक्षा भोगल्यासारखा. मला तोंड नाही, नुसती दांडी आहे, ती हलवून काय सांगणार? तुम्ही तिकडूनच जाताय ना. ताट अजून तसंच आहे. जरा थांबा त्याच्याजवळ आणि सांगा, काट्याची काही हरकत नाही, जेव म्हणावं.