दारावर डकवलेला पाद्री

"नाक आणखी तांबडं कर, होनोरा! पाद्री दारू ढोसतो हे लांबून कळलं पाहिजे," छापखान्याचा मालक तिच्या मागून ओरडला.

होनोराने कुंचला बुडवला. लांब टेबलाभोवती बायका बसलेल्या, प्रत्येकीकडे एकच रंग, आणि चित्राचा कागद हातोहात पुढे सरकायचा. तांबडा होनोराकडे. लांडग्याच्या तोंडाचा कॅथलिक पाद्री इंग्रज पोराला भाजून खातोय, असं ते चित्र. संसदेने कॅथलिकांना चार सवलती काय दिल्या, प्रॉटेस्टंट लंडनचं डोकंच फिरलं होतं. त्यांची प्रार्थनाघरं जळत होती आणि चित्रं धडाक्याने खपत होती. होनोरा स्वतः आयर्लंडची, पक्की कॅथलिक. पण तसं सांगितलं असतं तर चूलच विझली असती. पोट मोठं वाईट असतं.

संध्याकाळी मालकाने प्रत्येकीला एकेक चित्र दिलं. "दाराला डकवा, म्हणजे घर आपल्यातलंच समजून जाळपोळ करणारा जमाव पुढं जाईल. होनोरा, तुझी बोली आयरिश. तू तर आधी डकव."

घरी बाप अंथरुणाला खिळलेला. मरणाचं त्याला भय नव्हतं. मरणाऱ्याच्या कपाळाला पाद्री लावतो ते पवित्र तेल न लागता मरायचं, याचंच होतं; त्याशिवाय स्वर्ग नाही, असं तो मानायचा.

"फादर येणार ना गं?"

"उद्या दुपारी, बाबा. निरोप आलाय."

नेहमीचे फादर लंडन सोडून पळाले होते. नवे येणार होते, घड्याळजीच्या वेषात. गल्लीच्या टोकाला धूर दिसत होता. होनोराने घाईघाईने खळ लावली आणि चित्र दारावर चिकटवलं. बाप जळून मरू नये, एवढंच त्या वेळी तिला सुचलं.

दुसऱ्या दिवशी मालकाने लवकर सोडलं नाही. ती परतली तेव्हा घरमालकीण डॉर्कस पायरीवर वाटाणे सोलत होती.

"पावलं बाई तुझं चित्र! मेले आले, बघून खिदळले नि गेले पुढं."

"आणखी कुणी आलं होतं?"

"एक घड्याळजी आला होता. दार बघितलं नि पांढराफटक पडला. मी म्हटलं, वर जा की, तर पळालाच! तुझ्याकडं घड्याळ कुठंय गं?"

होनोरा कोपऱ्यापर्यंत धावली. पण विचारणार कुणाला? पाद्री दिसला का, असं त्या दिवशी विचारणं म्हणजे त्याच्या गळ्याला फास लावणं. आपल्या हाताने आपण बापाची स्वर्गाची वाट बंद केली, हे तिला भररस्त्यात कळलं.

ती वर आली तेव्हा बापाचा श्वास घरघरत होता.

"आले का गं?"

"येऊन गेले, बाबा. तुमचा डोळा लागला होता. तेल लावलं, सगळं यथासांग केलं."

म्हाताऱ्याने हात उचलून कपाळावरून फिरवला. बोटं एकमेकांवर चोळून पाहिली; कोरडीच होती. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं.