रेघेपासून दूर गेलेला ठिपका

मित्रांनो, मी गव्हाचा एक जुना वाण आहे. माझे नाव नाही, सत्तावीस हा क्रमांक आहे. अकोल्यात एका बाईने चिमट्याने ओंबीतले पुंकेसर काढले, दुसऱ्या गव्हाचे पराग घातले आणि वर कागदी पिशवी बांधली. तिथून माझा जन्म.

पुढे मला चार ठिकाणी पेरले. अकोल्याला भरपूर पाणी, सेमाडोहला थंडी, धामणगावला कापूस निघाल्यावरची उशिराची पेरणी. दर्यापूरला तर पाणीच नाही, फक्त काळ्या मातीतली ओल. दर्यापूर सोडले तर मी कुठेच पहिला आलो नाही आणि कुठे फार मागेही पडलो नाही.

संशोधन करणाऱ्या दीपमालाने आलेख काढला. प्रत्येक शेताची सगळ्या वाणांची सरासरी आडवी, माझे उत्पन्न उभे. ठिपक्यांमधून रेघ ओढली. ठिपके रेघेला धरून असले की वाण भरवशाचा. माझा दर्यापूरचा ठिपका मात्र कितीतरी वर उडाला होता.

"सत्तावीस काढून टाक," तिचे मार्गदर्शक केदार सर म्हणाले. "याचा नेम नाही."

काढून टाकणे म्हणजे पुन्हा कधीच न पेरणे.

प्रत्येक ठिकाणी मी तीन वाफ्यांत होतो आणि ठिपका त्यांच्या सरासरीचा; दीपमालाने ती सरासरी फोडून पाहिली. दर्यापूरचे माझे दोन वाफे इतरांसारखेच होते, बांधालगतचा तेवढा दुप्पट. ती जीपने दर्यापूरला गेली. ते शेत मनकर्णाबाईंचे.

"तो वाफा मान टाकून राह्यला होता, बाई. पाहवलं नाई. शेततळ्यातल्या बादल्या टाकल्या."

"मावशी, याले पाणी द्याचं नोतं!"

"काहून?"

"तहान सोसते का, हेच पाहाचं होतं."

"मंग सांगाचं ना! मले वाटलं, तुमच्या सायबाजवळ मोटर नाई."

दीपमालाला हसू आवरेना. हे ऐकून सर म्हणाले, "आणखी एक हंगाम पेरू." त्या हिवाळ्यात मनकर्णाबाईंनी माझ्याजवळ बादली फिरकू दिली नाही. मी वाळलो, वाकलो, पण दाणा भरला. ठिपका रेघेशी येऊन बसला आणि माझे बियाणे गावोगाव गेले.

आता नवे वाण आले आहेत. मला कडेला पेरतात, त्यांच्याशी तुलना करण्यापुरते. त्याचे दुःख नाही. मित्रांनो, एवढेच सांगतो: एखाद्याचा आकडा अचानक चढला किंवा पडला, तर त्याला हार घालण्याआधी किंवा उपटून फेकण्याआधी एकदा शेतावर जाऊन विचारा.