आधी की नंतर

इस्त्री कॉलरवर टेकली ती टेकलीच. करपल्याचा वास नाकात गेला तेव्हा कुठे वहिनींना कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आता चालढकल केली तर डावा डोळा हातचा जाईल.

मागच्या खोलीत नवरा आणि दीर टेबलावर तक्ता पसरून बसले होते. लाँड्री वहिनींची, राबणं वहिनींचं. या दोन भावांचा उद्योग एकच, प्रभू पृथ्वीवर परत कधी येणार ते तक्त्यावरून ठरवायचं. नवरा म्हणे, जगाच्या अंताआधी जे महासंकट यायचंय त्याच्या आधी येऊन विश्वासणाऱ्यांना ढगांत उचलून नेणार. दीर म्हणे, छे, नंतर. आधी सगळं सोसावं लागणार. दानीएल संदेष्ट्याच्या भविष्यातलं शेवटचं सप्तक, म्हणजे शेवटची सात वर्षं, कुठे बसवायचं यावरून दोघांनी घरातले कप फोडले होते आणि चर्चातली मंडळीही. ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असं खुद्द प्रभूच सांगून गेला. पण या दीडशहाण्यांपुढे त्याचं तरी काय चालणार!

वहिनी दारात उभ्या राहिल्या. ऑपरेशनला कुणीतरी सोबत चला, म्हणाल्या.

नवऱ्याने मानही वर केली नाही. "अगं, प्रभू दाराशी आलाय. नवं शरीर मिळेल, नवे डोळे मिळतील. ही चिरफाड कशाला? विश्वास ठेव."

"वहिनी, अजून खूप सोसायचंय आपल्याला," दीर म्हणाला. "डोळ्यांचं काय घेऊन बसलात?"

जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं, आणि तेही वहिनींनी आंधळं होण्यावर. त्या अंथरुणाला टेकल्या तर स्वयंपाक कोण करणार, दुकान कोण उघडणार, ही खरी मेख होती. वहिनींना ती कळत होती. तरी त्या वेड्यासारख्या वाट बघत राहिल्या, आज ना उद्या एकजण तरी उठेल म्हणून.

हिवाळा सरला. ढगांतून कुणी आलं नाही, संकटही आलं नाही. वहिनींचा डावा डोळा मात्र गेला. मग उजव्यासाठी त्या भिंत चाचपत स्वतःच निघाल्या. समोरच्या शिंपीणबाईने ते पाहिलं, मशीन सोडून आली आणि दवाखान्यात नातेवाईक म्हणून सही करून मोकळी झाली.

पट्टी सुटल्यावर वहिनी घरी आल्या. आतला वाद तसूभर हलला नव्हता. कित्येक महिन्यांनी नवऱ्याचा चेहरा स्वच्छ दिसला. नाकावर चष्मा होता, सोनेरी दांड्यांचा, नवा कोरा.

"हा कधी केलात?"

"मागच्या उन्हाळ्यात. तक्त्यातली बारीक अक्षरं दिसेनात गं." त्याने पान उलटलं. "उद्या माझा उपदेश आहे. शर्ट कधी देतेस?"

"वाट बघा," वहिनी म्हणाल्या.

त्या बाहेर आल्या. शिंपीणबाईचं इस्त्रीला आलेलं गाठोडं सोडलं, वरचा झगा टेबलावर पसरला आणि मान जराशी डावीकडे वळवून, उजव्या डोळ्याने शिवण बघत इस्त्री फिरवू लागल्या.